सासूबाईंच्या फोनमधलं यूट्यूब काढून टाकू का?

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एका ४६ वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला मजकूर थोडक्यात असा:

सासूबाई ७१ वर्षांच्या, मराठी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त. बारा वर्षांपासून मधुमेह, जोडीला रक्तदाब. दोन वर्षांपूर्वी नातवाने मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला, तेव्हापासून सकाळचा चहा यूट्यूबबरोबर होतो. यंदा दिवाळीच्या साफसफाईत देवघरामागच्या जुन्या बिस्किटांच्या डब्यात कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या पाच न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या, पंधरा-पंधरा गोळ्यांच्या. विचारलं तर म्हणाल्या, "ती गोळी स्नायू खाते. श्रावणापासून बंद केली." आता रोज सकाळी कारल्याचा रस घेतात. त्याआधी जूनमध्ये त्या व्हिडिओ बघून काढलेल्या टिपणांची वही डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या. डॉक्टरांनी वही बाजूला सरकवली आणि म्हणाले, "सगळं फोनवर शिकलात, मग माझ्याकडे कशाला आलात?" त्या दिवसापासून त्या दवाखान्याची पायरी चढायला तयार नाहीत. यजमानांचं म्हणणं, नेट बंद करून साधा फोन द्यावा. वाचक भगिनीला वाटतं, निदान यूट्यूब तरी गुपचूप काढून टाकावं. त्या विचारतात, "शिकलेली बाई असून असल्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवतात? मीही नेटवर वाचते, पण मला खरं-खोटं कळतं. यांना कसं समजावू?"

*

तुमच्या पत्रातला तो बिस्किटांचा डबा काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. गोळी घ्यायचीच नव्हती तर "आणू नका" म्हणता आलं असतं, कचऱ्यात टाकता आली असती. त्या दर वेळी तुमच्याकडून पट्टी घेत राहिल्या आणि जपून ठेवत राहिल्या. व्हिडिओने डोकं फिरलेलं माणूस असं वागत नाही. आपण केलं ते बरोबर की चूक याची ज्याला धाकधूक आहे आणि घरात बोलायची सोय नाही, ते माणूस असं वागतं. (शिवाय जन्मभर मास्तरकी केलेल्या बाईच्या हातून पैसे देऊन आणलेली वस्तू फेकवत नाही, हेही असेल.)

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही कंसात लिहिलंय, "तशा त्या मे महिन्यापासून पिंडऱ्या दुखतात म्हणत होत्या, पण ते वयाचं." अहो, सगळं पत्र त्या कंसात आहे!

पिंडऱ्या दुखत होत्या. घरात सांगितलं, घर म्हणालं वय झालं. डॉक्टरांना सांगायला वही नेली, वही टेबलाच्या कडेला गेली. मग एका दुपारी फोनमधल्या माणसाने आपणहून विचारलं, "जिना चढताना पाय भरून येतात का? रात्री पायात कळा येतात का? तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी घेता का?" तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या पायांबद्दल विचारलं. त्यांनी त्याचं ऐकलं यात मला नवल वाटत नाही.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. तेव्हा या गोळीबद्दल मी जे सांगणार आहे ते औषधाचा सल्ला म्हणून घेऊ नका. अर्धी माहिती आणि पुरी माहिती यांत किती अंतर असतं ते दाखवायला सांगते आहे.

या गटाच्या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. पट्टीवर एटॉर्वास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन असं नाव असेल. स्नायू दुखणं हा त्यांचा नोंदलेला दुष्परिणाम आहे, म्हणजे व्हिडिओवाला धादांत खोटं बोललेला नाही. पुढचं मात्र त्याने सांगितलं नाही. २०२२ साली या गोळ्यांच्या १९ चाचण्यांचा हिशोब एकत्र मांडला गेला. सुमारे १ लाख २४ हजार माणसं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी खोटी, आणि कुणाला कुठली मिळाली हे गोळी देणाऱ्यालाही ठाऊक नाही. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्क्यांनी स्नायूंचं दुखणं सांगितलं. खोटी घेणाऱ्यांपैकी? २६.६ टक्क्यांनी. गोळी असो वा नसो, दर चौथ्या माणसाचं काही ना काही दुखतच होतं. हिशोब करणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की गोळी घेणाऱ्यांच्या अशा दुखण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त दुखण्यांचं कारण गोळी नसतं.

आता हा कागद सासूबाईंच्या तोंडावर फेकायला धावू नका. "बघा, सगळे मनाचे खेळ!" हे वाक्य तर चुकूनही तोंडातून काढू नका. त्यांचे पाय खरोखर दुखतात. प्रश्न एवढाच आहे की ते कशाने दुखतात. थायरॉइड असेल, जीवनसत्त्व ड कमी असेल, मधुमेहाने नसा दुखत असतील. उरलेल्या थोड्यांपैकी त्या असतील तर खरंच गोळीही असेल. मग डॉक्टर रक्ताची एक तपासणी करतात, मात्रा कमी करतात, दुसरं स्टॅटिन देऊन बघतात, कधी काही आठवडे थांबवून पुन्हा सुरू करतात. म्हणजे सासूबाईंनी जे चोरून केलं तेच उघडपणे, तारखा लिहून करता येतं.

आणखी एक शक्यता आहे आणि ती मला सगळ्यात जास्त बोचते. मधुमेही माणसाच्या पिंडऱ्या चालताना दुखून उभं राहिलं की थांबत असतील, तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं ते लक्षण असू शकतं. तसं असेल तर ज्या गोळीची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तीच डब्यात गेली. डॉक्टर पावलावरची नाडी बघतात, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून ताडून बघतात. व्हिडिओ समोरच्याची नाडी बघू शकत नाही, मग तो सांगणारा कितीही सज्जन असो.

त्यात रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल 'नॉर्मल' आलं असेल तर गोळी कशाला, असंही त्यांना वाटलं असणार. बहुतेकांना वाटतं. मधुमेह असलेल्या चाळिशीपुढच्या माणसाला ही गोळी बहुतेक वेळा आकडा वाढला म्हणून देत नाहीत, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका कमी करायला देतात. घेतली तर आज बरं वाटत नाही, सोडली तर उद्या बिघडत नाही. सोडायला सगळ्यात सोपी असते ती अशीच गोळी.

आता तुमचा प्रश्न: शिकलेली बाई असून विश्वास कसा ठेवते. मला वाटतं, शिकलेली आहे म्हणूनच ठेवते. चाळीस वर्षं ज्यांनी पाठ्यपुस्तकातून शिकवलं त्यांच्या लेखी समोर आलेला मजकूर म्हणजे कुणीतरी तपासून पाठवलेला मजकूर. वही काढून टिपणं घेतली यावरूनच कळतं. टिपणं शिकणारा माणूस घेतो.

बडोद्याला हा धडा शंभर वर्षांपूर्वीच मिळाला होता. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. लोक वाचायला शिकले, पण वाचायला काही नसेल तर शिकलेलं पुसून जाणार हे दिसत होतं. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं, गावोगावी वाचनालयं निघाली, पेट्यांतून फिरती पुस्तकं जायला लागली. अक्षरओळख देणं वेगळं आणि काय वाचावं याची वाट दाखवणं वेगळं, हे तेव्हा दरबाराला कळलं होतं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरशीवरून चालताना मला नेहमी वाटायचं की इथलं प्रत्येक पुस्तक कपाटात येण्याआधी लेखक, संपादक, प्रकाशक आणि शेवटी चष्म्यावरून बघणारा एक ग्रंथपाल एवढ्यांच्या हातांखालून आलं आहे. फोनमधलं कपाट आपल्या हाताप्रमाणे हलतं. कारल्याचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की दुसऱ्या दिवशी दहा हजर. बघणाऱ्याला वाटतं, सगळं जग हेच म्हणतंय. सासूबाईंना कुणी सांगितलंय का, की तुमच्या यूट्यूबवर दिसतं ते माझ्या यूट्यूबवर दिसत नाही? एकदा दोन्ही फोन शेजारी ठेवून उघडून दाखवा. दहा भाषणांनी होत नाही ते काम एवढ्याने होतं.

आता जरा तुमच्याकडे येते. रागावू नका. "मला खरं-खोटं कळतं" असं तुम्ही लिहिलंय. कॅनडातल्या दोन संशोधकांनी २००६ साली आठ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. इंटरनेटवर आरोग्याची माहिती शोधणं-वापरणं माणसाला किती जमतं हे मोजायला ती जगभर वापरतात. विधानं साधारण अशी: उपयोगी माहिती कुठे मिळते ते मला ठाऊक आहे; चांगली माहिती आणि वाईट माहिती यांतला फरक मला ओळखता येतो; त्या माहितीवर निर्णय घ्यायचा मला विश्वास वाटतो. प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे. तिच्यावर पुढे आक्षेप आला तो अगदी घरगुती आहे: ही प्रश्नावली आपल्याला येतं असं वाटणं मोजते, येणं नाही. पोहायला येतं का विचारलं की काठावरचे सगळे हात वर करतात.

तुमच्याच पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की तुम्ही दोघांनी नेटवरच्या जाहिरातीतून 'संपूर्ण शरीर तपासणी'चं पॅकेज घेतलं, साठ टक्के सवलतीत पंच्याऐंशी तपासण्या, आणि एक-दोन आकडे लाल आल्यापासून तुम्ही दोन गोळ्या आपल्या आपण घेताय. 'नॉर्मल'ची हद्द अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकी शंभरातले साधारण पाच तिच्या बाहेर पडतातच. एकदम पंच्याऐंशी तपासण्या केल्या तर धडधाकट माणसाचेही दोन-चार आकडे लाल निघणारच. हे त्या जाहिरातीत होतं? सासूबाईंचा व्हिडिओ आणि तुमचं पॅकेज यांत मला फारसा फरक दिसत नाही. एकाने चूर्ण विकलं, दुसऱ्याने तपासणी.

मीही यातून सुटलेली नाही. तीन वर्षांपूर्वी माझा उजवा अंगठा थरथरायला लागला. रात्री दीड वाजता फोन घेऊन बसले, पावणेतीनपर्यंत कंपवात नक्की झाला होता आणि मी मुलीला काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होते. निघालं काय, तर थायरॉइडच्या गोळीची मात्रा जास्त होत होती. तीस वर्षं दुसऱ्यांना संदर्भ शोधून देणाऱ्या बाईची ही कथा! तेव्हापासून एक नियम: रात्री दहानंतर दुखणं शोधायचं नाही.

म्हणून यूट्यूब काढू नका, नेटही बंद करू नका. एक तर उपयोग व्हायचा नाही. कमाटीबागेतल्या सकाळच्या मंडळींकडे फोन आहेत, भजनी मंडळात आहेत, व्हॉट्सॲप तर भिंतीतून झिरपतं. दुसरं, ७१ वर्षांच्या बाईचा फोन तिच्या नकळत उघडून त्यातून काही काढणं हे तिने गोळ्या लपवण्यासारखंच झालं. घरात दोन डबे होतील.

त्याऐवजी एक संध्याकाळ काढा आणि तुम्ही शिकवायला बसू नका, विद्यार्थिनी व्हा. "आई, तुमची वही मला दाखवा ना" असं म्हणा. ती वही डॉक्टरांनी उघडली नाही, तुम्ही उघडा. प्रत्येक टिपणापुढे एकच गोष्ट दोघींनी मिळून लिहायची: हे कोण म्हणालं आणि त्याला त्यातून काय मिळतं. व्हिडिओच्या खाली चूर्ण मागवायचा नंबर आहे का? 'मधुमेह मुळापासून बरा' असं म्हटलंय का? तसं म्हटलं असेल तर त्यांना सांगा, आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, हृदयविकार अशा ठरावीक रोगांवर अमुक औषधाने बरं करतो अशी जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. शिक्षिका आहेत, नियम मोडणाऱ्याला त्या बरोबर ओळखतील. नावाआधी 'डॉक्टर' लावलं असेल तर ते नाव राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत शोधून बघता येतं. आयुर्वेदाच्या वैद्यांची नोंद वेगळी असते, हे लक्षात ठेवून शोधा.

मग शोधायची रीत. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, हुशार विद्यार्थी आणि वर्तमानपत्रांतले तथ्य तपासणारे यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळं दाखवली. नावं जवळजवळ सारखी. एक हजारो डॉक्टरांची जुनी संघटना, दुसरी तिच्यातून फुटलेला एक छोटा गट. विद्यार्थी आणि कित्येक प्राध्यापक तेच पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि फसले. तपासणारे क्षणभर थांबले, पान सोडून बाहेर गेले, "या लोकांबद्दल दुसरे काय म्हणतात" ते शोधलं आणि परत आले. ते फसले नाहीत. मुलीला स्थळ आलं की आपण त्यांनी पाठवलेला बायोडाटाच पुन्हा पुन्हा वाचतो का? त्यांच्या गल्लीतल्या कुणाला तरी विचारतो. तेवढंच करायचं.

शब्दही जपून टाकायचे. 'स्टॅटिन विष आहे का' असं विचारलं की विष म्हणणारेच समोर येतात. पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव घ्यायचं, कंपनीने ठेवलेलं नाही, आणि पुढे साधा प्रश्न: 'पाय दुखत असतील तर काय करावं'. बोलून टाइप करणार असाल तर आधी हसायची तयारी ठेवा. मी फोनला एटॉर्वास्टॅटिन सांगितलं तर त्याने 'ए तो रवा स्टेशन' लिहिलं. ते नाव पट्टीवर बघून इंग्रजी अक्षरांतच टाकावं लागतं. नातवाला हे काम द्या. फोन त्यानेच दिलाय.

भाषेचा घोळ बडोद्यात जरा जास्तच आहे. घरात मराठी, भाजीवाल्याशी गुजराती, व्हिडिओ हिंदी, पट्टी आणि रिपोर्ट इंग्रजी. मराठीत नीट तपासलेली माहिती अजून फार थोडी आहे आणि सासूबाई हिंदी व्हिडिओंकडे वळल्या त्याचं मोठं कारण तेच असावं. मी स्वतः मेडलाइनप्लस बघते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९८ साली सुरू केलेलं आहे (म्हणजे आमच्याच जातीचं!), त्यावर जाहिराती नाहीत आणि पान शेवटचं कधी तपासलं त्याची तारीख असते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं, एनएचएसचं संकेतस्थळही सोप्या इंग्रजीत आहे. फोन पानाचा मराठी अनुवाद करून देतो, बऱ्यापैकी देतो. पण मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा हे मूळ इंग्रजीत बघितल्याशिवाय मानायचं नाही. खाण्यापिण्यासाठी मात्र परदेशी पानं उपयोगाची नाहीत, त्यांच्या ताटात ना भाकरी ना फाफडा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं फुकट काढली आहेत, ती उतरवून घ्या.

आता तर लोक एआयलाही विचारतात. उत्तर गोड, मुद्देसूद आणि ठाम येतं, चुकलेलं असलं तरी तितकंच ठाम. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न नीट मांडून घ्यायला ते चांगलं आहे. गोळी ठेवायची की सोडायची, याला नाही.

कारेलीबागेत राहून कारल्याचा रस, यावर विनोद करायचा मोह मी आवरते, कारण त्यात एक खरी काळजी आहे. कारल्याने साखर थोडी उतरू शकते. सासूबाई साखरेच्या दोन गोळ्या घेतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांतली एखादी ग्लिमेपिराइडसारखी, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेणारी असेल, तर रिकाम्या पोटी रस आणि गोळी मिळून साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चिडचिड, डोकं हलकं होणं. घरच्या यंत्रावर ७० च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८. छातीत कळ, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात लुळा पडणं, यातलं काही झालं तरी तेच: फोन हातात घ्यायचा तो शोधायला नाही, १०८ लावायला.

रस बंद करा असं मी म्हणत नाही. तो डॉक्टरांना सांगा एवढंच म्हणते.

आता डॉक्टर. ते जे बोलले ते वाईट बोलले. बाहेर चाळीस माणसं बसलेली असतील, मान्य. तरी ७१ वर्षांच्या बाईची वही न उघडता सरकवायची नसते. पुन्हा त्यांच्याकडेच गेलं पाहिजे असं काही नाही. जिथे दोन मिनिटं जास्त मिळतात असा जवळपासचा फॅमिली डॉक्टर निवडा. पण पूर्ण वही नेऊ नका. एका कागदावर तीन प्रश्न, मोठ्या अक्षरात, आणि सगळ्यात महत्त्वाचा वर. निघताना दाराशी "आणखी एक" म्हणून विचारलेल्या प्रश्नाला कुठलाच डॉक्टर न्याय देत नाही. "नेटवर असं लिहिलंय" अशी सुरुवात केली की डॉक्टर बचावाला उभे राहतात. "पिंडऱ्या मेपासून दुखतात, भीतीने मी गोळी थांबवली, माझ्या बाबतीत काय करावं" असं म्हटलं की तेच डॉक्टर ऐकतात. हे वाक्य सासूबाईंनी स्वतः म्हणायचं. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसा आणि गप्प राहा. अवघड आहे, तरी राहा.

गोळीनेच दुखत होतं असं निघालं तर ती नोंद वाया जाऊ देऊ नका. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा सरकारी कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि रुग्णही तिथे कळवू शकतो, १८००-१८०-३०२४ या फुकट नंबरावर. सासूबाईंना हे जरूर सांगा. आपलं दुखणं कुठेतरी लिहून घेतलं जातं हे ऐकूनच त्यांचा निम्मा राग उतरेल, असा माझा अंदाज आहे.

यजमानांना यातलं एकच काम द्या: आईला दवाखान्यात सोडायचं आणि "मी सांगत होतो" असं म्हणायचं नाही.

दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घ्या. सासूबाईंच्या चालू गोळ्या, काढे, चूर्णं, रसाची बाटली, आणि हो, त्या पॅकेजनंतर तुम्ही सुरू केलेल्या दोन गोळ्याही. बिस्किटांचा डबा तसाच उचलून न्या. त्यातल्या पट्ट्या फेकू नका, शेजारच्या कुणाला देऊही नका. पाच पट्ट्या, पंचाहत्तर गोळ्या. नक्की किती दिवस चुकले हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतील आणि त्याचं उत्तर त्या डब्यातच आहे.